फुकटच्या जहाजाचा हिशोब : जुनी युद्धनौका सुधारावी की मोडीत काढावी?

२० जानेवारी २००४ रोजी भारत आणि रशिया यांच्यात एक करार झाला. 'ॲडमिरल गोर्शकोव्ह' ही जुनी विमानवाहू युद्धनौका रशिया भारताला चक्क फुकट देणार होता! अट एकच. तिची दुरुस्ती आणि आधुनिकीकरण रशियाच्याच सेव्हमाश गोदीत करून घ्यायचं आणि त्याचे ९७.४ कोटी डॉलर भारताने मोजायचे. विमानांचे पैसे वेगळे. जहाज २००८ मध्ये हातात पडणार होतं. प्रत्यक्षात 'आयएनएस विक्रमादित्य' या नावाने ते आपल्या नौदलात दाखल झालं १६ नोव्हेंबर २०१३ रोजी. तोपर्यंत बिल पोचलं होतं सुमारे २३० कोटी डॉलरवर! मधल्या काळात, २००९ साली, 'कॅग'ने आपल्या अहवालात ताशेरे ओढले की, मर्यादित आयुष्य उरलेलं हे सेकंडहँड जहाज नव्यापेक्षा साठ टक्के महाग पडतंय.

अशी बातमी वाचली की आपण लगेच म्हणतो, "फसवलं आपल्याला!" किंवा, "जुनं कशाला घ्यायचं? नवीन बांधा ना!" पण मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. आपण नुसतं चिडून कसं चालेल? जुनी युद्धनौका सुधारणं परवडतं की नाही हे ठरवतात कसं, हा प्रश्न मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि मेटलर्जीवाल्यांना जितका लागू पडतो तितकाच शेवटच्या बाकावर बसून इकॉनॉमिक्सचा पेपर काढणाऱ्यांनाही लागू पडतो. तेव्हा जरा खोलात शिरू या.

जहाज म्हातारं होतं म्हणजे काय होतं?

जहाजाचं वय वर्षांत सांगतात, पण वर्षांवरून फारसं कळत नाही. आपलंच उदाहरण घ्या. 'आयएनएस विराट' १९५९ साली ब्रिटिश नौदलात 'हर्मीस' म्हणून दाखल झाली, १९८२ चं फॉकलंड युद्ध लढली, १९८७ मध्ये आपल्याकडे आली आणि थेट ६ मार्च २०१७ ला निवृत्त झाली. म्हणजे जवळजवळ ५८ वर्षं! उलट काही जहाजं पस्तिशीतच थकतात. म्हणून 'वय किती' यापेक्षा 'काय झिजलंय' हे विचारायला हवं.

पहिली झीज सांगाड्याची. खाऱ्या पाण्यात पोलादी पत्रा गंजतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो सगळीकडे सारखा गंजत नाही, ही खरी अडचण. बाहेरून रंग मारलेली बाजू ठणठणीत दिसते आणि तळाशी, जिथे तेलपाणी साचतं तिथे, टाक्यांच्या आत, बॉयलरच्या खाली किंवा इन्सुलेशनच्या मागे पत्रा निम्मा झालेला असतो. तो मोजायला अल्ट्रासॉनिक गेज वापरतात. पत्र्यावर प्रोब टेकवायचा, ध्वनिलहर पलीकडच्या पृष्ठभागावरून परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं, की जाडी मिळते. सोपं आहे, पण प्रोब पोचला तर! ज्या कप्प्यात माणूस शिरूच शकत नाही तिथलं रीडिंग कोण घेणार?

दुसरी झीज फटीगची. लाटेचा माथा जहाजाच्या मधोमध आला की दोन्ही टोकं खाली वाकतात, आणि माथे दोन टोकांना आले की पोट खाली येतं. हॉगिंग आणि सॅगिंग म्हणतात ते हेच. दर सातआठ सेकंदांनी एक लाट धरली तर एका दिवसात दहा हजारांच्या वर सायकल्स! एस-एन कर्व्ह आठवतोय ना? तो फक्त परीक्षेपुरता नसतो. वेल्डिंगच्या कोपऱ्यांत, दारांच्या आणि हॅचच्या कडांना इथूनच तडे सुरू होतात.

तिसरी झीज यंत्रांची. जुन्या युद्धनौका बऱ्याचदा वाफेवर चालतात. बॉयलरच्या नळ्या, आतल्या विटा, व्हॉल्व्ह, पंप हे सगळं सांभाळायला जास्त माणसं लागतात, आणि सुटे भाग बनवणारे कारखाने कधीच बंद पडलेले असतात. १९७१ च्या युद्धात आपल्या जुन्या 'विक्रांत'च्या एका बॉयलरला तडे गेलेले होते. वेगावर मर्यादा घालून तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं, आणि तिच्या विमानांनी कॉक्स बझार, चितगावपर्यंत हल्ले केले. तेव्हा थकलेलं जहाज निरुपयोगीच असतं असंही नाही. पण त्या एका बॉयलरपायी पूर्ण वेग गमवावा लागला, हेही तितकंच खरं.

नवी यंत्रं बसवायची, पण कुठे?

समजा सांगाडा ठीक निघाला. मग वाटतं, नवं रडार बसवा, नवी क्षेपणास्त्रं बसवा, झालं काम! इथे तीन गोष्टी आड येतात : वजन, वीज आणि जागा.

आधी वजन. एक छोटं गणित करू (आकडे समजण्यापुरते घेतलेत). ४,००० टनांचं एक जहाज आहे. जहाजाच्या गुरुत्वमध्यापासून २० मीटर उंचीवर, डोलकाठीवर, १० टनांचं नवं रडार बसवलं. गुरुत्वमध्य किती वर सरकला? १० गुणिले २० भागिले ४,०१०, म्हणजे जवळपास ५ सेंटिमीटर. एवढंच? हो, पण जहाजाचा तोल ज्यावर अवलंबून असतो ती मेटासेंट्रिक उंची जर एक मीटर असेल, तर एका रडारने त्यातला पाच टक्के भाग खाल्ला! त्यात दरवेळच्या रिफिटमध्ये चढत गेलेले रंगाचे थर, जादा केबल, 'असू दे, लागेल' म्हणून ठेवलेलं सामान... जहाजं वयाबरोबर जाड होतात, आपल्यासारखीच. शेवटी तोल राखण्यासाठी तळाला नुसतं निरुपयोगी वजन भरावं लागतं.

मग वीज. आधुनिक रडार आणि संगणक भरपूर वीज खातात आणि तेवढीच उष्णता सोडतात. म्हणजे जादा जनरेटर, जादा चिल्ड वॉटर प्लँट, आणि ते ठेवायला परत जागा! एकाला हात लावला की दहा गोष्टी हलतात. 'गोर्शकोव्ह'च्या बाबतीत हेच झालं. मूळचं हे जहाज अर्धं क्रूझर, अर्धं विमानवाहू. पुढच्या डेकवर क्षेपणास्त्रांचे लाँचर होते आणि सरळ वर उडणारी याक-३८ विमानं त्यावर असत. आपल्याला हवी होती धावत जाऊन उडणारी मिग-२९के. म्हणजे पुढचे लाँचर काढा, तिथे वर वळलेला स्की-जंप बांधा, मागे विमान अडवणाऱ्या तारा बसवा, नवे बॉयलर घाला. काम पुढे सरकलं तसं लक्षात आलं की केबलचं काम मूळ अंदाजापेक्षा कितीतरी मोठं आहे. शेवटी सुमारे २,३०० किलोमीटर नवी केबल टाकावी लागली. मुंबईहून दिल्लीला रस्त्याने जाऊन बरंचसं परत येण्याइतकी!

आता थोडं इकॉनॉमिक्स

कॅपिटल रिकव्हरी फॅक्टर हा शब्द ऐकून पान उलटू नका. गणित दोन मिनिटांचं आहे.

समजा, नवीन जहाज ३,००० कोटींना पडतं आणि ३० वर्षं चालतं. जुनं सुधारायला १,००० कोटी लागतात आणि ते आणखी १० वर्षं चालतं. साधा भागाकार केला तर दोन्हीकडे वर्षाला १०० कोटी. बरोबरी! पण पैशाला व्याज असतं. ८ टक्के दर धरला तर नव्या जहाजाचा वार्षिक खर्च येतो सुमारे २६६ कोटी, आणि जुन्याचा फक्त १४९ कोटी. अरे वा! म्हणजे सुधारणंच स्वस्त. मोठा खर्च दहा वर्षं पुढे ढकलला, त्याचा हा फायदा. सरकारं जुन्या जहाजांच्या मोहात का पडतात ते इथे कळतं.

आता खर्च ६० टक्के वाढला असं समजू. १,००० चे १,६०० कोटी झाले. वार्षिक खर्च २३८ कोटी. अजूनही नव्यापेक्षा स्वस्तच! पण त्याचबरोबर गोदीत गेल्यावर कळलं की सांगाडा १० नाही, ७ च वर्षं टिकणार. आकडा होतो ३०७ कोटी. खेळ खलास!

यात वाफेच्या जहाजाचं जादा इंधन, जादा माणसं हे काही धरलेलंच नाही. तरी मुद्दा दिसतो. वरती खर्च असतो आणि खाली असतात उरलेली वर्षं. वरच्या आकड्यावर संसदेत चर्चा होते, वर्तमानपत्रांत मथळे येतात. खालच्या आकड्याकडे कुणी बघत नाही, आणि निकाल बऱ्याचदा तोच लावतो.

"उघडल्याशिवाय सांगता येत नाही"

हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. स्कूटर धूर सोडतेय, खर्च किती येईल विचारलं की मिस्त्री म्हणतो, "इंजिन उघडल्याशिवाय सांगता येत नाही." आपल्याला वाटतं हा टाळतोय. पण तो खरं बोलत असतो! युद्धनौकेचंही अगदी तसंच आहे, फरक एवढाच की इथे उघडायलाच शेकडो कोटी लागतात.

ब्रिटनने 'व्हिक्टोरियस' या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानवाहू नौकेची पुनर्बांधणी १९५० मध्ये काढली. काम बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं की जुने बॉयलर आणखी दहाएक वर्षंच चालतील. मग नवे बॉयलर घालायचं ठरलं, आणि त्यासाठी आधी झालेलं काम परत उघडावं लागलं! काम संपायला १९५८ उजाडलं आणि खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट होऊन सुमारे ३ कोटी पौंडांवर गेला. एवढं करून ती नौका नंतर सेवेत राहिली जेमतेम दहा वर्षं. बॉयलरची तपासणी पहिल्याच महिन्यात झाली असती तर?

अमेरिकेचा अनुभव तर याहून ताजा आणि कडू. त्यांच्या टायकॉन्डरोगा वर्गाच्या क्रूझर १९८३ पासून सेवेत आल्या. वरचं बांधकाम ॲल्युमिनियमचं, वजन वाचावं म्हणून. पण मॅग्नेशियम मिसळलेलं हे ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं उन्हात तापलं की मॅग्नेशियम ग्रेन बाउंड्रीवर जमा होतं, आणि खाऱ्या हवेत तिथून तडे जायला लागतात. या जहाजांना ते गेलेच. तरीही सात क्रूझरचं आधुनिकीकरण हाती घेतलं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला. २०१५ पासून सुमारे ३७० कोटी डॉलर खर्च झाले होते. कंत्राटांत ९,००० बदल करावे लागले होते. सातपैकी चार जहाजं, काम चालू असताना किंवा झाल्यावर, एकदाही मोहिमेवर न जाता मोडीत काढली गेली. त्यांच्यावरचे १८४ कोटी डॉलर वाया! आणि उरलेल्या तिघींपैकी एकीलाही ठरवलेली पाच जादा वर्षं मिळणार नाहीत, असं अहवालाने म्हटलं.

आपल्या गणितात बघा. खर्च वाढला हे तर झालंच, पण चार जहाजांच्या बाबतीत खालचा आकडा चक्क शून्य झाला. शून्याने भागलं की काय होतं ते आपल्याला बारावीपासून माहीत आहे.

थांबायचं कधी?

इथे माणसाचा स्वभाव आड येतो. "आजवर इतके घातलेत, आता थोडक्यासाठी कशाला थांबायचं?" अर्धवट बांधलेलं घर, अर्धवट सोडलेला कोर्स, सगळीकडे हाच विचार. पण गेलेला पैसा दोन्ही पर्यायांत गेलेलाच असतो, म्हणून तो हिशोबात धरायचाच नाही. बघायचं ते फक्त इथून पुढे किती लागणार आणि त्यातून किती वर्षं मिळणार.

हा नियम पाळल्याचं उदाहरणही अमेरिकेचंच आहे. 'बोनहोम रिचर्ड' या जहाजावर दुरुस्ती आणि सुधारणांचं काम चालू असताना जुलै २०२० मध्ये सॅन डिएगोच्या बंदरात आग लागली आणि ती चार दिवसांहून जास्त धुमसली. जहाज अवघं २२ वर्षांचं. त्याच्या सुधारणेवर नुकतेच सुमारे २५ कोटी डॉलर खर्च झाले होते. पण तपासणी केल्यावर दिसलं की पूर्ववत करायला २५० ते ३२० कोटी डॉलर आणि पाच ते सात वर्षं लागतील. चार-पाच महिन्यांत निर्णय झाला : मोडीत काढा. आधीच्या खर्चाचं रडगाणं गायलं नाही.

आणखी एक गोष्ट या घटनेतून दिसते. गोदीतलं जहाज समुद्रातल्यापेक्षा सुरक्षित असतं हा आपला गैरसमज आहे. वेल्डिंग चालू, अग्निशमन यंत्रणा बंद, केबलपायी दारं उघडी, निम्मे खलाशी जहाजाबाहेर. मुंबईच्या नौदल गोदीतही हे घडलंय. डिसेंबर २०१६ मध्ये 'आयएनएस बेतवा' सुक्या गोदीतून बाहेर काढताना एका कुशीवर कलंडली आणि दोन नौसैनिकांचा जीव गेला. जुलै २०२४ मध्ये तिथेच दुरुस्तीत असलेल्या 'आयएनएस ब्रह्मपुत्रा'ला आग लागली, जहाज एका बाजूला झुकलं, आणि त्यातही एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. रिफिट जितकं लांबतं तितके हे धोक्याचे दिवस वाढतात. कुठल्याही टेंडरमध्ये याचा वेगळा रकाना नसतो, पण किंमत खरी असते.

मग 'विक्रमादित्य'चा निर्णय चुकला का?

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, चुकलाच! पण थांबा. तुलना कशाशी करायची हे अजून ठरवलेलंच नाही.

जुनी 'विक्रांत' ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. हाताशी राहिली एकटी 'विराट', तीही थकलेली. स्वदेशी विमानवाहू नौकेचा कणा कोचीला घातला गेला २००९ मध्ये, आणि ती नवी 'विक्रांत' म्हणून नौदलात आली २ सप्टेंबर २०२२ ला. आता 'विराट' २०१७ ला गेली हे लक्षात घ्या. 'विक्रमादित्य' नसती तर २०१७ ते २०२२ अशी साडेपाच वर्षं भारताकडे एकही विमानवाहू नौका नसती. नुसतं जहाज नाही, तर डेकवर विमान उतरवणारे वैमानिक, त्यांना सिग्नल देणारे, तारा सांभाळणारे, ही सगळी माणसं सरावाविना राहिली असती. हे कौशल्य एकदा गेलं की पैसे टाकून लगेच विकत मिळत नाही.

म्हणजे २००४ मध्ये खरा पर्याय 'जुनी की नवी' असा नव्हताच. नवी नौका कागदावर होती. पर्याय होता 'जुनी की काहीच नाही'. असा प्रश्न असेल तर महागडं रिफिटही योग्य ठरू शकतं. चूक झाली ती दुसरीकडे, असं मला वाटतं. जहाज पूर्ण उघडून बघण्याआधी किंमत आणि तारीख ठरली. एकदा अर्धं जहाज कापल्यावर आणि पैसे देऊन झाल्यावर आपल्या हातात वाटाघाटीला काही उरलं नाही. त्यातून २०१२ च्या समुद्री चाचण्यांत पूर्ण वेगाला आठपैकी सात बॉयलर नीट चालले नाहीत. आतलं इन्सुलेशन निकामी झालं होतं. त्यात आणखी एक वर्ष गेलं.

याच्या उलट एक छोटं, फारसं कुणाला माहीत नसलेलं काम बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने कोचीन शिपयार्डशी ३१३.४२ कोटी रुपयांचा करार केला. 'आयएनएस बियास' ही २००५ ची फ्रिगेट वाफेवरून डिझेलवर आणायची, काम २०२६ मध्ये पूर्ण करायचं. आपल्या नौदलाचं अशा प्रकारचं हे पहिलंच काम. जहाज कराराच्या वेळी १८ वर्षांचं, म्हणजे मध्यमवयीन. त्यातला सर्वांत त्रासदायक भाग नेमका ओळखून तोच बदलायचा. असंच काम यशस्वी झालं तर त्याच वर्गाच्या पुढच्या जहाजाला अनुभव उपयोगी पडतो. वेळेत होईल, न होईल, ते काळच सांगेल. पण विचाराची दिशा बघा : जहाज ओळखीचं, गोदी आपली, कामाची व्याप्ती आखीव.

निर्णयाआधीचे पाच प्रश्न

थोडक्यात काय, तर कुठलीही जुनी यंत्रणा सुधारायचा प्रस्ताव समोर आला की हे विचारायचं :

१. सांगाडा आणखी किती वर्षं टिकेल, आणि हे कुणी मोजून सांगितलंय की अंदाजाने?

२. वजन, तोल, वीज आणि थंडावा यांत नव्या यंत्रांसाठी जागा उरली आहे का?

३. खर्च दीडपट झाला आणि वर्षं दोन-तीनने घटली, तरी हिशोब जमतो का?

४. सुधारलं नाही तर हातात खरोखर काय असेल? नवं जहाज, की नुसतं नव्याचं चित्र?

५. कुठल्या टप्प्यावर, कोणता आकडा दिसला की थांबायचं, हे आधी लिहून ठेवलंय का?

पाचवा प्रश्न सर्वांत अवघड. कारण तो सुरुवातीलाच विचारावा लागतो, जेव्हा सगळे उत्साहात असतात आणि अपशकुन करणारा कुणालाच आवडत नाही.

शेवटी एक सांगावंसं वाटतं. जुन्या 'विक्रांत'चं मुंबईत संग्रहालय होतं. २०१२ मध्ये ते सुरक्षेच्या कारणावरून बंद झालं आणि २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. 'विराट'ही २०२० मध्ये तोडण्यासाठी अलंगला गेली, ३८.५४ कोटींना विकून. आपल्याला वाईट वाटलं, साहजिकच आहे. पण वाईट वाटणं आणि आयुष्य वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जहाजाचा पत्रा किती उरलाय हे त्याच्या पराक्रमावरून ठरत नाही.

आपल्यापैकी काहीजण उद्या माझगाव डॉकला, नौदलात किंवा एखाद्या इन्स्पेक्शन कंपनीत जातील. तळातल्या अंधाऱ्या कप्प्यात टॉर्च घेऊन गुडघ्यांवर सरपटत जायचं, प्रोब टेकवायचा, आकडा लिहायचा, असं कंटाळवाणं काम पहिल्या दोन वर्षांत वाट्याला येईल. एखादा कप्पा फार अडचणीचा असेल आणि शेजारचंच रीडिंग उतरवून घेण्याचा मोह होईल. तेव्हा आपल्या भागाकारातला खालचा आकडा आठवा. शेकडो कोटींचा निर्णय आणि त्या जहाजावर झोपणारे कित्येक खलाशी त्या एका रीडिंगवर विसंबून असतात.